कन्याशाळेच्या काचा

उमरगा, १२ नोव्हेंबर १९५९

अंबादास,

आशीर्वाद लिहून सुरुवात करायची असते. पण जवळजवळ दोन वर्षांनी ज्याला बहीण आठवते, आणि तीही कार्डाच्या पाच ओळींपुरती, त्याला कुठला आशीर्वाद लागू पडेल ते मला ठरवता आलं नाही. जागा सोडली आहे. तुझा तू भर.

कार्ड आधी पोस्टमनने वाचलं, मग शंकरप्पाच्या किराणा दुकानात मोठ्याने वाचून झालं, मग माझ्याकडे आलं. म्हणजे माझ्या मागच्या खोलीतली तुझी काचांची पेटी मालट्रकने सोलापूरला पाठवायची आहे, हे गावाला माझ्या आधी ठाऊक. शंकरप्पाने तर ट्रकवालासुद्धा ठरवून ठेवला. "आक्का, आपला सोमलिंग जातो की मंगळवारी. कडब्यात घालून नेतो, एक काच फुटायची न्हाय." मी त्याला सांगितलं, तू मिरच्या विक.

तुझा बेत समजला. रविवारी स्टुडिओ बंद असतो, मालक अंधारखोली वापरू देतो, तेव्हा तू त्या निगेटिव्हच्या काचांवरून फोटो छापणार आणि संक्रांतीला गावोगाव फिरून ज्याचे त्याला नेऊन देणार. पहिला फोटो कडूबाईच्या लक्ष्मीचा, कारण तिने शंकरप्पाकडून कार्ड लिहून घेऊन तुझ्याकडे तो मागितला. वा. आठवडाभर सोलापुरातल्या सावळ्या नवऱ्या मुली फोटोत पेन्सिलीने गोऱ्या करायच्या आणि रविवारी पुण्य करायचं.

हैदराबादेत सरकारी फोटोग्राफर होतास. ती नोकरी मिळावी म्हणून मी, जिने कधी कुणापुढे पदर पसरला नाही, बाबांच्या जुन्या साहेबांच्या ओसरीवर दोन तास बसले होते. ती पाच वर्षांत सोडून आलास. का, तर "मंत्र्यांच्या गळ्यातले हार टिपायला दहा जण आहेत आक्का, मुरूमच्या शिवप्पाचा फोटो कोण काढणार?" शिवप्पाने मागितला होता का? कॅमेऱ्याचं ते तीन पायांचं धूड सायकलला बांधून शेतं तुडवत हिंडलास. कुणी पायलीभर ज्वारी द्यायचं, तीही वाटेत दुसऱ्याच्या घरी ओतून यायचास. लोक म्हणतात, तुला शिकवायचं म्हणून मी लग्न केलं नाही. ते खोटं आहे, मला कुणी विचारलंच नव्हतं. पण शिकवलं मात्र खरं.

आणि स्नेहसंमेलनाचं म्हणशील, तर मी आजही तेच म्हणेन. इन्स्पेक्टर साहेब मुलींना बक्षिसं देत होते. मुख्याध्यापिका म्हणून माझा तो शेवटचा समारंभ. तू साहेबांकडे पाठ केलीस, कॅमेरा फिरवलास आणि कुंपणाच्या भिंतीवरून डोकावणाऱ्या बायकांचा फोटो काढलास. आपल्या मुलीचं कौतुक बघायला आलेल्या आणि आत यायला भ्यालेल्या बायका. साहेबांचा चेहरा तू पाहिला नाहीस. मी पाहिला. म्हणून सगळ्यांदेखत म्हणाले, "हा माझा भाऊ नव्हे, शाळेचा फोटोवाला आहे. आणि आजपासून तोही नाही."

रागात बोलले. पण तू दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने निघून गेलास. माणसाचा राग उतरायला एक दिवस तरी द्यायचा असतो.

पेटी मागच्या खोलीत आहे. तिला वाळवी लागलेली नाही. मात्र या रस्त्यावरून काच पाठवणं मला पसंत नाही. घाई करू नकोस.

आक्का


उमरगा, ३ डिसेंबर १९५९

अंबादास,

पेटी न्यायला स्वतः येतोस? या रविवारी येऊ नकोस. मी तुळजापूरला जाणार आहे. त्याच्या पुढच्या रविवारीही कदाचित तिथेच असेन. आक्का आणि देवदर्शन, असं मनात म्हणशील. कॉन्व्हेंटात शिकले म्हणून देवी मला ओळखत नाही असं नाही.

कडूबाई आली होती. प्रत्येक बाजाराच्या दिवशी येते, वर्ष होत आलं. गुंजोटीहून डोक्यावर भाजीची पाटी घेऊन चालत येते, पाटी रिकामी झाली की माझ्या पायरीवर बसते. खुर्ची दिली तर म्हणते, "नगं, म्या मळलेली हाय."

"मास्तरीणबाई, भाऊचं काय आलं का?"

"येणार आहे."

"कवा?"

"फोटोचा कागद मिळाला की. हल्ली कागद मिळत नाही."

"म्या आनू का कुटून? उमरग्यात गावतो का त्यो?"

तिला मी हसले असते. हसू आलं नाही.

तुला सगळं माहीत आहे, पण तिने मला काय सांगितलं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते. लक्ष्मी सासरी निघाली त्याच्या आदल्या बाजारी तू चिंचेखाली कॅमेरा लावून बसला होतास. तूच त्या मायलेकींना हाक मारलीस. "भाऊ म्हनला, मावशी, आठ दिसांत छापून देतो. म्या म्हनलं, कशाला? पोरगी हाय की डोळ्यांम्होरं. तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या ती काच." दोन वर्षांत लक्ष्मी आळंदला सासरी बाळंतपणात गेली. निरोप उशिरा निघाला. "म्या पोचले तवर राख सावडून झाली व्हती, बाई. कुनीच थांबलं न्हाय."

मग पाटीच्या काड्या मोडत म्हणाली, "आता तिचं तोंडच आटवंना झालंय. सकाळी उटल्यावर दिसतं. दिस वर आला की जातं."

मी म्हणाले, "फोटो मिळेल. काच नीट आहे."

खोटं बोलल्याबद्दल तीस वर्षं मी मुलींना बाकावर उभं केलं आहे.

तू येऊ नकोस, एवढंच सांगायला हे पत्र. हवा कोरडी आहे आणि धूळ फार.

आक्का


उमरगा, २० डिसेंबर १९५९

अंबादास,

मी तुळजापूरला गेले नव्हते. दोन्ही रविवारी घरातच होते, दाराला आतून कडी घालून. तू सत्तावीस तारखेला येतोच म्हणतोस, म्हणून त्याआधी हे लिहिते आहे, आणि पाकिटात घालते आहे.

पेटी आहे. काचा नाहीत.

पेटी मागच्या खोलीत आहे असं मी लिहिलं, ते खोटं नव्हतं. सिस्टर अगाथा याला अर्धं खरं म्हणायच्या, आणि अर्ध्या खऱ्याला पूर्ण छड्या मारायच्या.

आमची शाळा सोलापूर–हैदराबाद सडकेला किती खेटून आहे ते तू पाहिलं आहेस. मालट्रक गेला की तिसरीच्या वर्गात फळा दिसेनासा व्हायचा. मुली पदरात आणि फ्रॉकात तोंड घालून पाढे म्हणायच्या. सावकारांची चारुशीला तर सारखी खोकायची. खिडक्यांना चौकटी होत्या, काचा नव्हत्या. अर्ज केला तेव्हा आपण हैदराबाद राज्यात होतो. मग आपण मुंबई राज्यात गेलो, अर्जही आपल्या मागोमाग या दफ्तरातून त्या दफ्तरात फिरला, आणि दर वेळी उलट एकच विचारणा, खिडक्या किती? मी दर वेळी कळवलं, तीन. निवृत्तीला दोन महिने उरले. एप्रिल महिना. तुला जाऊन तीन महिने झाले होते आणि तुझं एक पत्र नव्हतं.

मी पेटी उघडली. एक काच चौकटीला लावून पाहिली. चार बोटं कापली की बसत होती.

शाळेच्या कल्याणप्पाला पाणी तापवायला सांगितलं. त्यात धुण्याचा सोडा घातला. त्याने पहिली काच उचलली, उन्हात धरली आणि म्हणाला, "आक्का, ह्यात मानसं हायत की वो."

मी म्हणाले, "मग चोळ. निघतील."

हे वाक्य दीड वर्षात मी कुणाला सांगितलेलं नाही. कल्याणप्पानेही नाही सांगितलं. त्या दिवसापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलत असे. थर सुटताना दुधावरच्या सायीसारखा एका कडेने वर यायचा, मग त्याचा चुरगळा होऊन बादलीत पडायचा. दुपारपर्यंत सगळ्या काचा स्वच्छ झाल्या. मी स्वतः एकेक पुसली. सुताराने संध्याकाळच्या आत बसवल्या. दुसऱ्या दिवशी मुलींना फळा दिसला.

इथे थांबले तर तू कदाचित मला माफ करशील. मुलींसाठी केलं म्हणशील, तूही लोकांसाठीच करत होतास म्हणशील. तुझा स्वभाव तसा आहे. म्हणून पुढचं लिहिते.

काचा मिळत होत्या. शंकरप्पा सोलापूरहून आणून देतो म्हणाला होता. पालक वर्गणी काढायला तयार होते. मीच नको म्हटलं. फोटो म्हणजे नुसता कागद नव्हे, काच हे मूळ आणि कागद ही नक्कल, काच गेली की माणूस गेला, हे तू मला मागच्या खोलीत उभं करून शिकवलं होतंस. मला कळत नव्हतं असं नाही. मला तुझ्याच काचा हव्या होत्या. मनात म्हटलं, याचं काहीतरी एकदाचं कामाला येऊ दे. आणि असं म्हणताना मला बरं वाटलं, अंबादास. फार बरं वाटलं.

लक्ष्मी नावाची एक मुलगी त्यात आहे, आणि ती मेली आहे, आणि तिची आई माझ्या पायरीवर येऊन बसणार आहे, हे मला माहीत नव्हतं. पण कुणीतरी बसणारच होतं. ज्यांचे फोटो छापून दिले होतेस त्यांचं निभावलं. ज्यांनी "असू दे तुमच्यापाशी" म्हटलं, त्यांचं सगळं गेलं.

सत्तावीसला ये किंवा येऊ नकोस. दार उघडं ठेवते.

आक्का


उमरगा, १८ जानेवारी १९६०

अंबादास,

सत्तावीस गेली. संक्रांतही गेली. एस.टी.च्या थांब्यावर मी नव्हते गेले. शंकरप्पा सांगेल की आक्का रोज थांब्यावर होत्या. त्याला काही कळत नाही.

परवा कडूबाईला सांगितलं. सोपं करून सांगायचं ठरवलं होतं, वर्गात सांगतात तसं. पण तिने वर पाहिलं आणि मला एवढंच बोलता आलं, "बाई, ती काच मी धुतली. लक्ष्मीचा फोटो आता होणार नाही."

तिने ओरडावं म्हणून मी थांबले. मला त्याची गरज होती. ती म्हणाली, "धुतली म्हंजी? फुटली?"

"फुटली नाही. शाळेच्या खिडकीला बसवली आहे."

"मंग हाय की ती! चला दाखवा मला."

तिला शाळेत घेऊन गेले. शाळा सुटली होती. नव्या मुख्याध्यापिका विमलबाई अजून कार्यालयात होत्या, त्यांनी वर्ग उघडून दिला आणि "शामलाबाई, कसली तपासणी आहे?" म्हणून विचारलं. कडूबाई उंबऱ्याबाहेर पायताण काढून आत आली. तीन खिडक्या. ऊन समोरून येत होतं.

"ह्यातली कंची?"

मला माहीत नव्हतं. कुठली काच कुणाची होती ते मी बघितलंच नव्हतं, सगळ्या एकसारख्या पुसल्या होत्या. तसं तिला म्हणाले. तिने मान हलवली आणि पहिल्या खिडकीपासून सुरुवात केली. एकेका काचेवर तळहात ठेवायची, जरा थांबायची, मग पुढची. वरच्या काचांना हात पुरेना, तेव्हा बाक ओढून त्यावर चढली. विमलबाई पुढे झाल्या, मी त्यांना हाताने अडवलं. बाहेरून दोन ट्रक गेले. आत धूळ आली नाही.

तिन्ही खिडक्या झाल्यावर ती बाकावरून उतरली आणि मला म्हणाली, "बाई, धुताना तुमी तिला बघितली असंल की. कशी दिसत व्हती? हसत व्हती का?"

अंबादास, मी बघितलं नव्हतं. एकाही काचेत बघितलं नव्हतं. कल्याणप्पाने उन्हात धरून बघितलं, तो म्हणाला माणसं आहेत, आणि मी मान वळवली. आज त्याला गाठून विचारलं. तो म्हणतो, "आक्का, काचंत काळ्याचं पांढरं आन पांढऱ्याचं काळं. मला कसं वळकू यावं?"

तू फोटो काढलास. काळ्या फडक्याखाली डोकं घालून तू प्रत्येकाकडे इतका वेळ बघायचास की लोक हसायचे. तू विसरला नसशील. मला काही लिहू नकोस. तिला लिही. लक्ष्मी त्या दिवशी कशी दिसत होती, एवढंच. पत्र माझ्या पत्त्यावर टाक, मी वाचून दाखवेन, मधे माझं एक अक्षर घालणार नाही.

हा हुकूम नाही. विनंती कशी लिहितात याची मला सवय नाही, म्हणून तसं वाटत असेल.

आक्का


उमरगा, ९ मार्च १९६०

अंबादास,

कडूबाईच्या नावाचं पत्र पोचलं. पाकिटावर माझं नाव "मार्फत" म्हणूनही नाही, नुसतं "शाळेजवळ, उमरगा". पोस्टमनला तुझं अक्षर ओळखू आलं म्हणून मिळालं. मी ते फोडलं नाही. बाजाराला चार दिवस होते, ते चार दिवस ते कपाटात ठेवलं.

काल ती आली. या वेळी खुर्चीवर बसली, मी न सांगता. मी चष्मा लावला आणि वाचलं. तू लिहिलेलंच परत तुला लिहून पाठवते आहे, कारण मला ते पाठ झालं आहे.

"कडूबाई मावशी, लक्ष्मी आधी फार ताठ उभी राहिली. श्वास कोंडून. हिरवं लुगडं होतं, नवं, खळ न गेलेलं, त्यामुळे खांद्यावर पदराचा फुगा झाला होता. कपाळावरचं कुंकू घामाने थोडं खाली आलं होतं. मी हसायला सांगितलं तर तिने ओठ आणखी मिटले. मी फडक्याखालून हात बाहेर काढला आणि आता भिंगावरचं टोपण उघडणार, तेवढ्यात तुम्ही मागून ओरडलात, 'अगं लक्ष्मे, पदर नीट घे की.' तिने मान वळवली. तुमच्याकडे बघितलं आणि हसली, वरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता, तो दिसला. माझा हात थांबला नाही. फोटोत मान फिरलेली म्हणून मला वाटलं, बिघडला. तुम्हाला चांगला काढून द्यायचा म्हणून मी तो छापायचं टाळत राहिलो. तो बिघडला नव्हता. चूक माझी झाली. मावशी, त्या काचेत ती माझ्याकडे नाही, तुमच्याकडे बघत होती."

माझ्या आवाजाला वर्गाची सवय आहे, तो कधी अडकत नाही. काल दोन ठिकाणी अडकला.

कडूबाई म्हणाली, "व्हय. म्या वरडले व्हते. वरडले व्हते की." आणि मग, "त्यो दात! त्यो मी इसरलेच व्हते बगा." तिने स्वतःच्या ओठावर बोट ठेवून मला जागा दाखवली. डावीकडे. तू कुठली बाजू ते लिहिलं नव्हतंस.

तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी ती माझ्या आधी शब्द म्हणत होती.

शंकरप्पाने ही बातमी पसरवायला वेळ लावला नाही. आज सकाळी मुरूमचा शिवप्पा येऊन गेला. त्याच्या म्हाताऱ्याचा फोटो तू खळ्यावर काढला होतास म्हणे, बैलाच्या पाठीवर हात ठेवून. म्हातारा पोळ्याला गेला. "भाऊला इचारा, बैल कंचा व्हता, ढवळा का बांडा? आमच्यात भांडान चाललंय." आणखी पाच जणांची नावं वेगळ्या कागदावर लिहून सोबत घातली आहेत. प्रत्येकाला वेगळं पत्र लागेल. स्टुडिओतून सुटशील तसं लिही. मी वाचून दाखवीन, ज्यांना इथवर येता येत नाही त्यांच्याकडे जाईन. माझ्याकडे वेळच वेळ आहे.

कडूबाईने पत्र पदराच्या टोकात बांधलं. उठताना थांबली आणि म्हणाली, "आन तुमच्यासाटी काय लिवलंय भाऊनं?"

मी काल ते पाकीट आधी उलटं करून झटकलं होतं. बोट घालून आतही पाहिलं होतं.

"लिहिलं आहे," मी म्हणाले.

"काय?"

"आक्का कशी आहे, विचारलं आहे."

"मंग कळवा की त्याला. बरी हाय म्हनून."

म्हणून कळवते आहे. बरी आहे.

शामला